लोह वाढले म्हणून रिश्ता मोडायचा?

कोंढव्याच्या एका भगिनीचे तीन पानी पत्र आले आहे, सोबत चार रिपोर्टच्या झेरॉक्स. नाव छापू नका असे त्यांनी लिहिले आहे. त्याची गरजही नाही, कारण असे घर पुण्यात एकच नाही. त्यांचे पती सेहेचाळीस वर्षांचे. कंपनीच्या वार्षिक तपासणीत फेरिटिन ६४० आले. फेरिटिन म्हणजे शरीरात साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी तपासणी. पुरुषांत ते साधारण तीनशेच्या आत असावे असे प्रयोगशाळा धरतात. कुणीतरी सुचवले म्हणून त्यांनी जनुकांची महागडी तपासणी करून घेतली. त्यात ‘एचएफई जनुक, एच ६३ डी, एक प्रत’ असे आले. हा रिपोर्ट खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, आणि तिथून गोष्ट बिघडली.

या दांपत्याच्या मुलीची मंगनी थोरल्या फुफीच्या मुलाशी ठरलेली. फुफीने निरोप पाठवला, “खून में लोहे की बीमारी है, थोडा रुकते हैं.” भगिनी विचारतात, “आपा, ही बीमारी मुलीला लागेल का? रिश्ता मोडावा का? लोखंडी तव्यावरच्या भाकऱ्यांनी झाले असेल का?”

तव्याचे आधी निकालात काढू. लोखंडी तव्याने आणि कढईने जेवणात थोडे लोह उतरते. ज्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने फिक्या आहेत तिथे ते फायद्याचेच आहे. तवा घरात राहू द्या.

आता त्या जनुकाविषयी. आपल्या शरीरात सगळे मिळून तीन-चार ग्रॅम लोह असते, म्हणजे एखाद्या खिळ्याएवढे. रोज अन्नातून एक-दोन मिलिग्रॅम आत येते आणि तेवढेच कातडीच्या, आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर बाहेर जाते. स्त्रियांचे मासिक पाळीत आणखी थोडे जाते. लघवीतून मीठ बाहेर पडते, साखर वाढली तर तीही पडते. लोहासाठी मात्र असा दरवाजाच नाही. म्हणून सगळा बंदोबस्त प्रवेशावर आहे. यकृत हेप्सिडिन नावाचा एक पदार्थ तयार करते. तो आतड्याच्या दारावरचा दरवान समजा. लोह पुरेसे झाले की हेप्सिडिन वाढते आणि दार बंद होते. ‘पुरेसे झाले’ ही खबर यकृताला देणाऱ्यांपैकी एक म्हणजे एचएफई. ते सहाव्या गुणसूत्रावर असते आणि १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ते शोधले.

या जनुकातले दोन बदल प्रसिद्ध आहेत. पहिला सी २८२ वाय. हाच खरा त्रासदायक. आई आणि वडील दोघांकडून तो आला तर खबर पोहोचत नाही, दरवान ढिला पडतो आणि वर्षानुवर्षे लोह साठत जाते. यकृत कडक होते, स्वादुपिंड बिघडून मधुमेह होतो, सांधे दुखतात, कातडी काळवंडते. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच डॉक्टर याला काशाच्या रंगाचा मधुमेह म्हणत. पण हा बदल उत्तर युरोपचा आहे. आयर्लंडमध्ये साधारण पाचांत एक माणूस त्याचा वाहक असतो आणि ऐंशी-पंच्याऐंशीत एकाला त्याच्या दोन्ही प्रती मिळालेल्या असतात. त्या बेटांवर सापडलेल्या चार हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या हाडांतही तो होता. आपल्या देशात मात्र तो जवळजवळ नाहीच. भारतीय डॉक्टरांनी शोधून पाहिला, हाती फारसा लागला नाही. आपल्याकडे आनुवंशिक लोहाधिक्याचे जे थोडे रुग्ण मिळतात, त्यांच्यात बहुधा एचएफई सोडून इतर जनुकांत दोष असतो.

दुसरा बदल एच ६३ डी, जो या साहेबांच्या रिपोर्टात आला. तो युरोपापासून हिंदुस्थानपर्यंत सगळीकडे पसरलेला आहे. आकडा अभ्यासागणिक मागेपुढे होतो, पण आपल्याकडे साधारण सात-आठ माणसांमागे एकाकडे त्याची एक प्रत असते. जुम्म्याच्या नमाजला एका सफेत वीस जण उभे असतील तर त्यातल्या दोघा-तिघांकडे ती असणार. एका प्रतीने काही होत नाही. दोन प्रती असल्या तरी बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. या कागदावरून रिश्ता अडवायचा तर पुण्यातले कितीतरी निकाह अडतील.

मग फेरिटिन ६४० का? फेरिटिन वाढण्याचे आपल्या शहरातले सर्वांत नेहमीचे कारण जनुक नाही, यकृतातली चरबी आहे. पोट सुटलेले, साखर काठावर, बसून काम, रात्री उशिरा जेवण. त्याशिवाय अंगात कुठेही सूज किंवा संसर्ग असला तरी फेरिटिन वर जाते. दारूनेही जाते. म्हणून नुसत्या फेरिटिनवर विश्वास ठेवायचा नसतो, सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन पाहायचे असते. रक्तात लोह वाहून नेणाऱ्या गाड्या किती टक्के भरलेल्या आहेत, असा त्याचा अर्थ. पंचेचाळीसच्या वर असेल तर खरोखर लोह जास्त असल्याचा संशय घ्यायचा. यांचे ३४ आहे. सोनोग्राफीत यकृतावर चरबी आहे. इथवर पत्राचे उत्तर संपले असते, आणि मी दोन ओळींत ‘बेफिकीर राहा, वजन कमी करा’ असे लिहून मोकळी झाले असते.

पण चौथी झेरॉक्स साध्या रक्ततपासणीची आहे. सव्वादोनशे-अडीचशे रुपयांना होते ती. ग्रुपवर ती कुणी टाकली नाही, कारण तिच्यात कुणाला काही दिसले नाही. हिमोग्लोबिन १२.८, म्हणजे पुरुषासाठी जरासे कमी. तांबड्या पेशींची संख्या ६१ लाख, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त. आणि पेशीचा आकार, ज्याला एमसीव्ही म्हणतात, ६६. तो ऐंशीच्या वर असायला हवा. लोह कमी असले की पेशी लहान होतात खऱ्या, पण मग त्यांची संख्याही कमी होते, आणि इथे तर लोह कमी नाहीच. पेशी लहान आणि भरपूर असतील तेव्हा आम्ही प्रयोगशाळेत एक सोपा हिशेब करतो, एमसीव्ही भागिले पेशींची संख्या दशलक्षांत. उत्तर तेरापेक्षा कमी आले तर थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शंका. यांचे उत्तर अकराच्याही खाली येते.

पत्रात एक वाक्य आहे, “ह्यांना लहानपणापासून खून की कमी आहे, लोहाच्या गोळ्या नेहमी चालू असतात.” हिमोग्लोबिन थोडे कमी दिसले की गोळी, पुन्हा कमी दिसले की पुन्हा गोळी. ते कशाने कमी आहे हे वीस वर्षांत कुणी पाहिले नाही. फेरिटिनमधला काही वाटा या गोळ्यांचाही असू शकेल. मी त्यांना हिमोग्लोबिन एचपीएलसी ही तपासणी करायला सांगितली. हिमोग्लोबिन ए-टू साडेतीन टक्क्यांपर्यंत असावे, यांचे ५.२ आले. ते बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत.

वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे आधी ठसवून घ्या. अकराव्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिनचे जनुक असते. त्याच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली, दुसरी चांगली. चांगली प्रत काम भागवते. वाहक माणूस रोजे ठेवतो, हजला जातो, क्रिकेट खेळतो. मलेरियाच्या मुलखात तर हा बदल हजारो वर्षे उपयोगाचा ठरला, म्हणून तो टिकला. भारतात सर्वाधिक आढळणाऱ्या बदलाला आयव्हीएस १-५ म्हणतात. त्यात जनुकाच्या एका जागी एक अक्षर बदललेले असते, बस. सिंध-बलुचिस्तानातही तोच प्रमुख आहे. सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत ६१९ अक्षरांचा एक तुकडाच गळालेला आढळतो. फाळणीनंतर पिंपरीत वसलेल्या सिंधी समाजात या आजाराची चर्चा आपल्यापेक्षा खूप आधी झाली, ती उगाच नाही.

प्रमाण किती? मुंबई, वडोदरा, कोलकाता, दिब्रुगड, लुधियाना आणि बेंगळुरू या सहा शहरांत छप्पन्न हजारांहून अधिक लोक तपासून २०१३ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध झाला त्यात सरासरी २.७८ टक्के वाहक निघाले. म्हणजे छत्तीस माणसांत एक. मुंबईच्या परळमधल्या राष्ट्रीय रक्तविज्ञान संस्थेने महाराष्ट्र आणि गुजरातचे जिल्हे वेगवेगळे मोजले. महाराष्ट्रात जिल्ह्यागणिक १ ते ६ टक्के, गुजरातेत शून्यापासून साडेनऊपर्यंत. कच्छ-काठियावाडहून पुण्यात आलेल्या आपल्या मेमन, खोजा, बोहरा घरांनी गुजरातचा आकडाही स्वतःचा समजावा, असे माझे मत आहे. आणि शेख-सय्यद-पठाण-बागवान-तांबोळ्यांनी ‘हे आमच्यात नाही’ असे म्हणू नये. रक्त आडनाव विचारत नाही.

दोन वाहकांचा निकाह झाला तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता असते की बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतील. त्याला थॅलेसेमिया मेजर म्हणतात. बाळ जन्मताना गुटगुटीत असते, सहा महिने ते दोन वर्षांत फिके पडते. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आयुष्यभर. देशात दरवर्षी अशी दहा हजारांच्या आसपास मुले जन्माला येतात.

आणि इथे लोह पुन्हा येते, या वेळी खरे. रक्ताच्या एका पिशवीत साधारण दोनशे मिलिग्रॅम लोह असते. वर्षाला वीस-पंचवीस पिशव्या म्हणजे चार-पाच ग्रॅम. धडधाकट माणसाच्या अंगात सबंध जेवढे असते तेवढे, एका वर्षात, ज्याला बाहेर जायचा रस्ता नाही अशा शरीरात. शिवाय या आजारात अस्थिमज्जा रक्त बनवण्यासाठी इतकी धडपडते की तिच्याकडून दरवानालाच ‘दार उघड, लोह हवे’ असा चुकीचा हुकूम जातो. त्यामुळे ज्यांना फारसे रक्त चढवत नाहीत अशा मध्यम स्वरूपाच्या रुग्णांतही आतड्यातून लोह जास्त शोषले जाते. युरोपातल्या रोगाचे जनुक निराळे आणि आपले निराळे, पण शेवटी दरवान दोन्हीकडे ढिला पडतो. पुण्यात ‘आनुवंशिक लोहाधिक्य’ म्हणायचे तर ते हे आहे. ते हृदयात साठते, ग्रंथींत साठते. मुले उंचीला राहतात, वयात यायला उशीर होतो, काहींना मधुमेह होतो. पूर्वी लोह काढण्यासाठी रात्रभर पोटाच्या कातडीत सुई टोचून पंप लावावा लागे, आठवड्यातून पाच-सहा रात्री. शेजारघरात मूल झोपले आहे आणि उशाशी यंत्र घरघरते आहे, हे मी पाहिले आहे. तोंडाने घ्यायची डेफेरिप्रोन ही गोळी १९९० च्या दशकाच्या मध्यात जगात सर्वांत आधी भारतात परवाना मिळून बाजारात आली. ही गोष्ट आपल्याला क्वचितच कुणी सांगते. आता डेफेरासिरॉक्सही आहे.

आता फुफीकडे येऊ. बिघडलेली प्रत या साहेबांना त्यांच्या अब्बा-अम्मींपैकी एकाकडून आली असणार. म्हणजे फुफीलाही ती येण्याची शक्यता निम्मी, आणि तिच्या मुलाला चारांत एक. इकडे मुलीची शक्यता निम्मी. मी पत्राने कळवले, मुलीची तपासणी झाली. ती वाहक आहे. मुलाची तपासणी हे लिहीपर्यंत झालेली नाही. तो नाशिकला नोकरीला आहे. फुफीचे म्हणणे असे की आमचा मुलगा तंदुरुस्त आहे, त्याचे रक्त कशाला काढायचे? एच ६३ डी च्या कागदावर महिनाभर अडून बसलेले घर ज्या तपासणीवर खरोखर थांबायला हवे तिला नको म्हणते आहे. फुफीला राग येईल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

चुलत-मावस-आते-मामे भावंडांतल्या निकाहाबद्दल आपल्यावर बाहेरून बरेच बोलले जाते. मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रातल्या अनेक हिंदू जातींतही आहे. हा एकट्या आपल्या समाजाचा प्रश्न नाही. शरीयतने मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही. हिशेब मात्र माहीत असावा. छत्तीसांत एक वाहक धरला तर परक्या घरांतल्या जोडप्यात दोघेही वाहक असण्याची शक्यता सुमारे तेराशे जोडप्यांत एक. सख्ख्या चुलत-मावस भावंडांत, एक वाहक असेल तर तोच बदल दुसऱ्याकडे असण्याची शक्यता आठांत एक, म्हणून सुमारे दोनशे नव्वद जोडप्यांत एक. साडेचार पट. म्हणून नात्यातला निकाह बंद करा असे मी म्हणत नाही. नात्यात करायचा असेल तर तपासणी टाळू नका, एवढेच म्हणते. परक्यात केला तरी टाळू नका.

मुस्लिम देशांनी हे केव्हाच उचलले आहे. इराणमध्ये १९९७ पासून निकाहाची नोंद करण्याआधी तपासणी होते. आधी मुलाच्या रक्तपेशींचा आकार पाहतात, तो लहान असेल तरच मुलीचा. तिथे थॅलेसेमियाच्या बाळांचे जन्म फार घटले. सौदी अरेबियात २००४ पासून सिकल सेल आणि थॅलेसेमियाची तपासणी निकाहापूर्वी सक्तीची आहे. दोघे वाहक निघाले तरी निकाहाला मनाई नाही, निर्णय त्यांचाच. मात्र कागद समोर ठेवून.

समजा नाशिकच्या मुलाचा रिपोर्ट स्वच्छ आला. मग बिनघोर निकाह करा. मुले फार तर वाहक होतील. समजा तोही वाहक निघाला. तेव्हा दोन वाटा. एक, दोघांनी इज्जतीने वेगळे व्हायचे. त्यात मुलीचा दोष नाही आणि मुलाचाही नाही, आणि ते ग्रुपवर लिहायचे तर तसेच लिहायचे. दुसरी वाट, निकाह करायचा आणि गरोदरपणात दहाव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा कणभर अंश काढून बाळाचे जनुक तपासायचे. ही सोय परळच्या संस्थेत बऱ्याच वर्षांपासून आहे, आता पुण्यातही मोठ्या रुग्णालयांतून नमुना पाठवता येतो. बाळाला मेजर आजार निघाला तर पुढचा प्रश्न जड आहे. मक्केच्या फिक्ह अकादमीने १९९० मध्ये असे ठरवले की विश्वासू तज्ज्ञांच्या समितीने बाळात गंभीर, बरे न होणारे व्यंग असल्याची खात्री दिली आणि आई-वडिलांची मागणी असेल, तर १२० दिवस पूर्ण होण्याआधी गर्भपाताला परवानगी आहे. थॅलेसेमियाला हे कसे लागू होते यावर उलेमांत एकमत आहे असे नाही. आपल्या आलिमांना विचारा, पण निकाहाआधी विचारा. चौथ्या महिन्यात धावपळ करून नव्हे. दहाव्या आठवड्याची तपासणी आणि १२० दिवसांची मुदत यांत आठवडे थोडेच उरतात.

ज्या घरात असे मूल आहेच, त्यांनी हे वाचून मन छोटे करू नये. २०१६ च्या कायद्याने थॅलेसेमियाची गणना दिव्यांगत्वात होते, प्रमाणपत्र काढून घ्या. शासनाच्या धोरणाप्रमाणे या मुलांना रक्त मोफत मिळायला हवे. रक्तपेढी पैसे मागत असेल तर लेखी कारण मागा. जुळणारा भाऊ-बहीण असेल तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण होऊ शकते, आणि कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून त्यासाठी दहा लाखांपर्यंत मदत मिळते.

एचपीएलसी कुठे करावी असे अनेकजणी फोनवर विचारतात. ससूनमध्ये विचारा, रास्ता पेठेतल्या केईएममध्ये विचारा (परळचे केईएम वेगळे, गोंधळ करू नका), किंवा खात्रीच्या कोणत्याही प्रयोगशाळेत. आयुष्यात एकदाच करायची असते. मुलगी बारावीला गेली की करून टाका, मंगनीच्या आठवड्यात नको. लोह फार कमी असेल तर ए-टू खोटे कमी दिसू शकते, म्हणून आधी लोह भरून काढून मग तपासणी करा. आणि वाहक आहोत म्हणून गरोदरपणातली लोहाची गोळी परस्पर बंद करू नका. वाहक बाईलाही लोह कमी पडू शकते. फेरिटिन पाहून डॉक्टर ठरवतील. पुरुषांनी मात्र कारण कळल्याशिवाय वर्षानुवर्षे गोळ्या खाऊ नयेत.

हिजामाने जादा लोह निघेल का, असे भवानी पेठेच्या एका भाईंनी मागच्या महिन्यात विचारले होते. युरोपातल्या त्या रोगावर खरोखर रक्त काढणे हाच इलाज आहे, पण तिथे एका वेळी साडेचारशे मिलिलिटर काढतात, रुग्णालयात, मोजून. हिजामात निघते ते थोडेसे, त्याने साठलेले लोह हलत नाही. आणि थॅलेसेमियाच्या मुलावर हिजामा मुळीच करू नये. त्याला रक्त द्यायचे असते, त्याचे काढायचे नसते. रमजानमध्ये लोह काढणारी गोळी कोणत्या वेळी घ्यायची आणि रोजा झेपेल का, हे महिनाभर आधी डॉक्टरांना विचारून घ्या. या गोळ्यांत मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते आणि उन्हाळ्याच्या रोज्यात पाणी कमी पडते.